नव्या शहरात मंडळी शोधण्यापासून तिचे सभासद होईपर्यंत: नवख्यांसाठी मार्गदर्शन

नगर, श्रीरामपूर, जालना किंवा बीडकडून शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आलेल्या ख्रिस्ती मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात आजवर कोणी ख्रिस्ती नव्हते, पण ज्यांनी स्वतः प्रभू येशूवर विश्वास ठेवला आहे आणि आता पुढे काय, हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठीही. मी स्वतः गावच्या मंडळीतून, म्हणजे तिथल्या चर्चमधून, शहरात आलो, मंडळी शोधली, गावच्या पाळकांचे पत्र जमा केले, सभासद झालो आणि पुढे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत कामही केले. त्यामुळे नवीन माणूस कुठे अडखळतो, हे दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. संपूर्ण मनाने प्रभूवर प्रीती करायची असेल, तर ती एका ठरावीक मंडळीत, ठरावीक माणसांबरोबर करावी लागते. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिले विश्वासणारे काय करत होते ते वाचा: शिक्षण, सहवास, भाकर मोडणे, प्रार्थना. यातले सहवास आणि भाकर मोडणे तर एकट्याने होतच नाही. म्हणून ‘माझा विश्वास माझ्या मनात आहे, चर्चला गेलेच पाहिजे असे नाही’ हा विचार आधी बाजूला ठेवा.

१. कोणकोणत्या मंडळ्या आहेत, ते समजून घ्या

महाराष्ट्रात मराठी उपासना चालणाऱ्या मंडळ्या अनेक परंपरांच्या आहेत. नगर, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा या भागांत चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, सर्वत्र दिसते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन ती स्थापन झाली. म्हणूनच एकाच सीएनआयमध्ये दोन चर्चच्या रीती वेगळ्या दिसतात. जिथे पूर्वी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, मिशन होते, तिथे पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) झगा घालून छापील उपासनाविधीप्रमाणे चालतात. पुण्याचे पंचहौदाचे पवित्र नाम देवालय या परंपरेचे. जिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, तिथे विधी साधा आणि उपदेश लांब. नगर भागातून आलेल्यांना ही दुसरी रीत ओळखीची असते आणि पहिली परकी वाटते. तेवढ्यावरून ‘हे आपले चर्च नव्हे’ असे ठरवू नका.

याखेरीज मेथडिस्ट आहेत, विदर्भ-खानदेशाकडे अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स) आहे, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी) बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, होत नाहीत, तिथे सभासदाची झेंड्याखाली सैनिक म्हणून नोंद होते. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट शनिवारी उपासना करतात. कॅथलिकांची व्यवस्था वेगळी. तिथे तुम्ही ज्या भागात राहता त्या भागाचे चर्च तुमचे, त्यामुळे शोधाशोध कमी. वसईसारख्या ठिकाणी कॅथलिक उपासना मराठीतूनच चालते.

बाळाचा बाप्तिस्मा मान्य आहे की फक्त कळत्या वयाचा, पाणी शिंपडून की पाण्यात बुडवून, हा फरक आधीच विचारून घ्या. नंतर लग्नाच्या वेळी किंवा मूल झाल्यावर यावरून घराघरांत वाद होतात.

२. थोडे दिवस पाहा, पण लवकर ठरवा

दोन-तीन मंडळ्यांत जाऊन पाहायला हरकत नाही. एका रविवारी मत बनवू नका. एखाद्या दिवशी पाहुणे उपदेशक असतात, एखाद्या दिवशी पेटीवाले आजारी असतात. एकाच मंडळीत सलग चार-पाच रविवार बसा. मग या गोष्टी पाहा:

उपदेश शास्त्रातून होतो की शास्त्र नुसते तोंडी लावायला असते? नवीन माणसाशी उपासनेनंतर कोणी बोलते का? पैशांचा हिशेब मंडळीसमोर मांडला जातो का? आजाऱ्यांच्या घरी कोणी जाते का? शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, भरते का? आणि ते ठिकाण तुमच्या खोलीपासून इतके जवळ आहे का, की पावसाळ्यातही तुम्ही पोहोचाल? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण दोन बस बदलून जावे लागणाऱ्या चर्चला माणूस जुलैपर्यंतच जातो.

गाण्यावरून मंडळी निवडू नका. तरुणांना ड्रम-गिटार असलेली उपासना ओढते, हे मला ठाऊक आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण मराठी उपासनेत टाळ, पेटी आणि तबल्यावर ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातला कवी नारायण वामन टिळकांचा अभंग सगळी मंडळी एका सुरात म्हणते, तेव्हा काय होते, तेही एकदा मन लावून अनुभवा. आपल्या मातृभाषेत पाप कबूल करणे आणि स्तुती करणे, याला दुसरा पर्याय नाही असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत मोठा धोका इथेच आहे. काही जण वर्षानुवर्षे फिरतच राहतात. या रविवारी इथला उपदेश, पुढच्या रविवारी तिथली संगती, मध्ये यूट्यूबवर आणखी कोणी. त्यांना सगळीकडचे लोक ओळखतात, पण आजारी पडल्यावर दारात कोणी येत नाही, कारण ते आपल्या मंडळीचे आहेत असे कोणालाच वाटत नाही. ऑनलाइन उपासना आजाऱ्यांसाठी आणि रात्रपाळी करणाऱ्यांसाठी मोठा आधार आहे. धडधाकट माणसाने तिच्यावर भागवू नये. तीन महिन्यांच्या आत ठरवा.

३. पाळकसाहेबांना भेटा

उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन करताना सगळे बोलण्याचा प्रयत्न करू नका. तिथे मागे रांग असते. तेवढ्यात फक्त सलाम करा, नाव सांगा आणि ‘तुम्हाला भेटायचे आहे, कधी येऊ?’ एवढे विचारा. शनिवारी जाऊ नका, तो उपदेशाच्या तयारीचा दिवस.

भेटीत तुम्ही कुठले, गावची मंडळी कोणती, बाप्तिस्मा झाला आहे का, दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झाले आहे का, इथे कोणाबरोबर राहता, हे सांगा. विश्वासात नवीन असाल तर तेही सांगा. प्रार्थना कशी करायची ते येत नाही, असे म्हणायला संकोच करू नका. पाळकांना हे ऐकायला आवडते. खोलीवर येऊन प्रार्थना कराल का, असे जरूर विचारा. गृहभेट झाली की ओळख पक्की होते.

एक लक्षात ठेवा. सीएनआय, मेथडिस्ट अशा मंडळ्यांत पाळकांची बदली होते. आवडते पाळक गेले म्हणून मंडळी सोडणारे पुष्कळ पाहिले आहेत. तुमचे नाते मंडळीशी जोडा.

४. कागदपत्रे जमवा

हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. साधारणपणे लागते ते असे:

- बाप्तिस्म्याचा दाखला
- दृढीकरण झाले असल्यास त्याचा दाखला
- गावच्या मंडळीच्या पाळकांचे पत्र, ज्यात तुम्ही तिथले सभासद आहात, वर्गणी पूर्ण आहे आणि नवीन मंडळीत जायला हरकत नाही असे लिहिलेले असते
- विवाहित असाल तर लग्नाचा दाखला
- पत्त्याचा पुरावा आणि फोटो

गावच्या मंडळीचे पत्र सगळ्यांत जास्त वेळ खाते. वर्गणी थकलेली असते, पाळक नवीन असतात, रजिस्टर जुने असते. गावी सुट्टीला जाल तेव्हा हे काम पहिल्या दिवशीच करा. पाळकांना दोन-चार दिवस आधी फोन करा. थकलेली वर्गणी भरा आणि पावती घ्या. दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का, तेही तिथेच पाहा. ‘रुथ’ आणि ‘रूथबाई’ एवढ्या फरकानेसुद्धा पुढे लग्नाच्या कागदांत अडचण होते.

बरेच जण पत्राचे काम लग्न ठरेपर्यंत लांबवतात. मग दोन्हीकडच्या मंडळ्यांतून दाखले, उपासनेत जाहीर होणाऱ्या लग्नाच्या सूचना, तारीख, सगळे एकदम अंगावर येते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. त्याप्रमाणे लग्न लावणारा अधिकृत असावा लागतो आणि नोंद रीतसर व्हावी लागते. मंडळीत तुमचे नाव असेल तर यातले बहुतेक काम सरळ होते.

पत्र दिल्यावर तुमचे नाव लगेच सभासदांच्या यादीत येईलच असे नाही. कमिटीच्या सभेत ते मांडले जाते. थांबा, आणि तोवर नियमित या.

५. बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर

ज्यांचा जन्म ख्रिस्ती घरात झालेला नाही त्यांच्यासाठी हा भाग आहे. सावकाश वाचा.

घाई करू नका आणि कोणाला घाई करू देऊ नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढे पाचेक वर्षांनी, स्वतःच्या मनाने, स्वतः पटल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला म्हणून त्यांनी घेतला नाही, आणि त्यांच्या विश्वासाची ताकद त्यातच आहे. तुमच्या घरच्यांनाही त्यांचा वेळ द्या.

अठरा वर्षे पूर्ण असावीत. पाळकांकडे वर्ग लावा. त्यात प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि एखादे शुभवर्तमान (येशूचे चरित्र सांगणारे बायबलमधले पुस्तक) नीट शिकवले जाते. मार्कापासून सुरुवात करा, ते सर्वांत लहान आहे. घरी सांगायचे ते स्वतः सांगा. शेजाऱ्याकडून किंवा फोटोवरून आईवडिलांना कळले, तर ते दुःख लवकर भरत नाही. सांगताना त्यांच्या देवांविषयी, त्यांच्या रीतींविषयी एकही वाकडा शब्द नको. पाचव्या आज्ञेत आईबापांचा मान राखायला सांगितले आहे, आणि तिथे ते ख्रिस्ती असले तरच, अशी अट नाही.

बाप्तिस्म्यासाठी कोणी पैसे मागत असेल, किंवा उलट नोकरी, शाळाप्रवेश, मदत देतो म्हणत असेल, तर तिथून उठा. तुम्ही आपल्या मर्जीने हे करत आहात, हे लेखी लिहून ठेवा. आणि अनुसूचित जातीतून येत असाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची माहिती आधीच घ्या. त्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. हे अन्यायाचे आहे असे मला वाटते. पण म्हणून कागदावर एक आणि मनात एक असे जगण्याचा सल्ला मी देणार नाही. जाणत्या वकिलाशी बोला, पाळकांशी बोला, प्रार्थना करा, आणि किंमत कळल्यावरच पाऊल टाका. लूक १४:२८ मध्ये प्रभूनेच आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितले आहे.

बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांसाठी दृढीकरणाचा वर्ग असतो. सीएनआयमध्ये बिशप येऊन डोक्यावर हात ठेवतात. हा वर्ग म्हणजे शाळेची परीक्षा नव्हे. आईवडिलांनी तुमच्या वतीने जे म्हटले ते आता तुम्ही स्वतः म्हणता, म्हणून मनातल्या शंका तिथेच विचारा.

६. प्रभुभोजन

नवख्याला सगळ्यात संकोच इथे होतो. आपल्याला पुढे जायची परवानगी आहे का, हे आदल्या दिवशी पाळकांना विचारा. काही मंडळ्यांत दृढीकरण झालेल्यांनाच देतात. काही ठिकाणी वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकायचे असतात. उजवा तळहात डाव्या तळहातावर ठेवून पुढे करायचा, भाकर तिथेच घ्यायची, प्याला येईपर्यंत थांबायचे, आणि शेजारच्याचे झाल्यावर उठायचे. इतर ठिकाणी ताटातून भाकरीचे तुकडे आणि छोटे प्याले बाकापर्यंत येतात, आणि सगळ्यांनी मिळून एकदमच घ्यायचे असते. कळत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसा आणि पुढच्यांचे पाहा.

१ करिंथकर ११:२८ मध्ये आत्मपरीक्षण करून घ्यायला सांगितले आहे. कोणाशी अबोला असेल तर शनिवारी रात्री फोन करा.

७. एक काम अंगावर घ्या

मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते हेच. सभासद झाल्यावर तुम्ही मंडळीत रुजता ते कामामुळे. उपदेश ऐकून माणसे ओळखीची होत नाहीत. सतरंज्या घालताना, नाताळाच्या आदल्या आठवड्यात कॅरल गात रात्री घरोघरी फिरताना, चहाचे कप विसळताना होतात.

मोठे काम मागू नका. शब्बाथशाळेत मदतनीस, गीतमंडळात बसणे, दारात गीतपुस्तके वाटणे, रुग्णालयात भेटीला जाणाऱ्यांबरोबर जाणे, यांपैकी एकच घ्या आणि वर्षभर सोडू नका. गाता येत नसेल तर हिशेब लिहायला बसा. तरुणांना संगणक येतो, आणि पुष्कळ मंडळ्यांची रजिस्टरे अजून कागदावर आहेत.

सुगीच्या सणाला तर चुकवू नका. लोक शेतातले, बाजारातले जे असेल ते आणून वेदीपुढे मांडतात: ज्वारीची कणसे, भोपळा, अंड्यांची टोपली, कोणाची कोंबडी, शहरात एखादे पाकीटबंद तेल. उपासनेनंतर लिलाव होतो. एक नारळ कोणी चढ्या बोलीने घेतो आणि लगेच परत देतो, ‘पुन्हा लावा’ म्हणतो. तोच नारळ पुन्हा बोलीला निघतो. म्हाताऱ्या आज्जी लेकीच्या नावाने बोली लावतात, पोरे हसतात, खजिनदार घाईघाईने लिहून घेतात. मंडळी म्हणजे काय, हे नव्या माणसाला त्या तासाभरात कळते.

आणि मातीला जा. ओळख नसली तरी जा. मंडळीतले कोणी वारले की कब्रस्तानापर्यंत चालत गेलेल्या माणसाला ते घर विसरत नाही.

८. अर्पण आणि वर्गणी

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यावा की नाही, यावर मंडळ्यांची मते वेगळी आहेत. मी देतो, आणि पगार कमी असतानाच सुरुवात करावी असे सांगतो, कारण पगार वाढल्यावर ती रक्कम डोळ्यांत खुपू लागते. पण २ करिंथकर ९:७ सांगते की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत किंवा भाग पडले म्हणून नव्हे.

व्यवहारात इतके पाळा. वर्गणी दरमहा भरा. पावती घ्या. पैसे मंडळीच्या खात्यात किंवा पेटीत द्या, कोणा एकाच्या खाजगी खात्यात नको. वार्षिक सभेला जा आणि हिशेब ऐका. ‘इतके दिले तर आजार बरा होईल’ असे म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. प्रार्थनेने देव बरे करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि याकोब ५:१४ प्रमाणे वडीलमंडळींना बोलावून प्रार्थना करवून घ्यावी. पण औषध सोडू नये. आपल्याच पूर्वजांच्या मंडळ्यांशी जोडलेल्या डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभे केले. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया त्यांनी एकाच छपराखाली ठेवल्या.

९. मन दुखावले तर

दुखावेल. मंडळीत आडनावांचे, गावांचे गट असतात. कमिटीच्या निवडणुकीला पॅनेल पडतात. जुन्या मिशनच्या जमिनींवरून कोर्टकचेऱ्या चालतात. पहिल्या वर्षी कोणत्याही गटात जाऊ नका. तुमच्याच गावचे लोक प्रेमाने ओढतील, त्यांच्याकडे जेवायला जा, मत मात्र स्वतःचे ठेवा. सहीसाठी आलेला अर्ज पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका.

कोणी तुम्हाला बोलले तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा. आधी एकट्याने, त्याच माणसाकडे. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घेऊन. मग मंडळीपुढे. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही. पण मुलांना किंवा स्त्रियांना त्रास देण्याचा, मारहाणीचा किंवा पैसे लाटण्याचा प्रकार असेल तर हा क्रम लावत बसू नका. थेट पाळक, बिशप आणि पोलिस. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून गप्प बसायला सांगणाऱ्याचे ऐकू नका.

उपासना सुटल्याबरोबर निघून जाणे, मग एक रविवार चुकवणे, मग फक्त नाताळ आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), अशा पायऱ्यांनी माणूस दूर जातो. स्वतःत ही चिन्हे दिसली तर एखाद्या वडीलधाऱ्या काकांना किंवा मावशींना सांगा, ‘मला रविवारी सकाळी फोन करा.’ ते करतात.

१०. शहर सोडताना

बदली झाली तर न सांगता नाहीसे होऊ नका. पाळकांना महिनाभर आधी सांगा. वर्गणी पूर्ण करा, सभासदत्वाचे पत्र मागून घ्या, त्याची एक प्रत फोनमध्ये ठेवा. नव्या शहरात ओळखीची मंडळी आहे का, हे पाळकांनाच विचारा, त्यांना तिथले पाळक माहीत असतात. तुमच्याकडे शब्बाथशाळेचा वर्ग असेल तर पुढच्या शिक्षकाला दोन रविवार बरोबर बसवा, हजेरीचे रजिस्टर आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हाती द्या, आणि कोणते मूल बोलायला लाजते, कोणाला घरून डबा येत नाही, हे त्यांना सांगून जा.